आधी विहीर बघा, मग एन्लार्जर: गोव्यात सामाईक डार्करूम काढणाऱ्यांसाठी

डार्करूम, म्हणजे फिल्म धुऊन फोटो छापायची अंधारी खोली, काढायची म्हणून कोणी आमच्याकडे चौकशीला आलं की पहिला प्रश्न एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा असतो. कुठला घ्यावा, कितीला पडेल, लेन्स सोबत मिळते का. एन्लार्जर मिळतो हो. म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर अजून एखादा पोत्यात गुंडाळलेला सापडतो, आणि तो उचलून नेला तर मालकाला जागा मोकळी झाल्याचा आनंदच होतो. मी उलट विचारते: विहीर किती लांब आहे? मे महिन्यात पाणी टिकतं का? आणि सांडपाणी जातं कुठे? यांची उत्तरं नसतील तर एन्लार्जर माळ्यावरच बरा.

आम्ही आठ जण पेडणे तालुक्यातल्या एका जुन्या कौलारू घरात डार्करूम चालवतो. एक शाळामास्तर, एक लग्नाचे फोटो काढणारा, आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या दोन मुली, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि बाकी आम्ही पोटासाठी दुसरं काहीतरी करणारे. स्वतःचे रोल स्वतः धुतो, प्रिंट काढतो, आणि वर्षातून एकदा गावातल्या एखाद्या भिंतीवर मोठे फोटो लावतो. आम्ही काही जगावेगळं करत नाही. गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफीने पिनहोल (लेन्सऐवजी बारीक भोकाचा कॅमेरा) आणि हाताने काढायच्या प्रिंटची गोडी इथे अनेकांना लावली. २०१७ मध्ये ‘गोवाफोटो’ महोत्सव साळगावच्या राहत्या घरांत भरला होता, तेव्हा फोटो बघायला लोक थेट माणसांच्या दिवाणखान्यात शिरले होते. आणि मागे जायचं तर डॉ. भाऊ दाजी लाड आमच्याच मांद्रे गावचे. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी मुंबईच्या अगदी सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी, म्हणजे १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या काळातले. पेडण्यात फोटोचं हे खूळ कुठून आलं असं कोणी विचारलं की मास्तर हे ऐकवतात.

माणसं जमवणं

पाच ते नऊ जण पुरेत. पाचाच्या खाली भाडं परवडत नाही, नवाच्या वर किल्ली कोणाकडे आहे हे कळत नाही. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून आमच्या भागात रिकामं घर म्हटलं की लोक वेगळाच आकडा सांगतात. म्हणून ओळखीतलं, वापरात नसलेलं, मालकाला नुसती झाडलोट झाली तरी चालेल असं घर शोधा. लेखी करार मात्र करा, अकरा महिन्यांचा का असेना. गोव्यातल्या घराला एकच मालक क्वचित असतो. इथल्या भावाने हो म्हटलं तरी मुंबईतला भाऊ आणि पोर्तुगालमधली बहीण यांना विचारलेलं बरं.

संस्था म्हणून नोंदणी पहिल्या वर्षी करू नका. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. ते मिळतील, पण सात जण मिळून एक ट्रे धुऊ शकतात का हे आधी कळू द्या. बँकेत गटाच्या नावाने खातं हवं झालं किंवा अनुदानाचा अर्ज करायचा झाला, की तेव्हा नोंदणी करा.

अध्यक्ष, सचिव आमच्याकडे नाहीत. तीन कामं आहेत: किल्ली, वही आणि हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं औषध, फिक्सर. किल्ली आणि वही दर महिन्याला फिरतात. हायपोचं काम वर्षभर एकाच माणसाकडे असतं. का, ते पुढे येईल. वर्गणी दरमहा सारखी, कोणी महिनाभर फिरकलं नाही तरीही. ‘जो वापरेल तो देईल’ हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण मग पावसाळ्यात भाडं कोण भरणार?

खोली

कौलारू घर म्हणजे वरून भोकंच भोकं. आमच्या घरात दुपारी जमिनीवर बारा-पंधरा कवडसे पडायचे. नव्या माणसाला मी आधी तेच दाखवते. फट तिरपी, लांबट, कशीही वेडीवाकडी असो, कवडसा गोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याचं चित्र असतं. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण लागलं तेव्हा ओसरीच्या भिंतीवरचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. शेजारची मुलं ताटात पाणी घेऊन ग्रहण बघत होती, ती आमची भिंत बघायला धावत आली. पिनहोल कॅमेरा समजावून सांगायला मला त्या दिवसानंतर फळा लागलेला नाही.

आता हेच कवडसे बुजवायचे. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लायवूड, आणि प्लायवूडवर शेतीला वापरतात ते काळं प्लास्टिक, दोन पदरी. निळी ताडपत्री चालत नाही, तिच्यातून उजेड येतो. दाराला दोन काळे पडदे, मध्ये एक माणूस उभा राहील इतकी जागा सोडून, म्हणजे आत काम चालू असताना बाहेरचा आत येऊ शकतो. मग भर दुपारी आत बसा. पहिल्या मिनिटाला सगळं काळंकुट्ट वाटेल. दहा मिनिटं थांबा. डोळे सरावले की भोकं एकेक करून बोलायला लागतात.

आम्ही पहिल्या वर्षी एक काचेचं कौल विसरलो होतो. त्यावर पूर्वीच्या कोणीतरी पोतं टाकलेलं होतं, त्यामुळे आमच्या लक्षातच आलं नाही. जानेवारीत वानरांची टोळी छपरावरून गेली, पोतं सरकलं, आणि दोन दिवस आमचे सगळे प्रिंट करडे येत राहिले. आम्ही डेव्हलपरला, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या औषधाला, शिव्या देत होतो. तेव्हापासून वहीत एक रकाना आहे: ‘वानर’. टोळी गेली की खूण करायची, आणि पुढच्या माणसाने काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं अंधारात बसायचं.

खोलीची एक बाजू ओली, एक कोरडी. एन्लार्जर, कागद, निगेटिव्ह कोरड्या बाजूला. ट्रे, बादल्या, बाटल्या ओल्या बाजूला. ओल्या हाताने कोरड्या बाजूला जायचं नाही. देवघर आणि मासळीचा ओटा एकाच घरात असतात तसं समजा. हवा बाहेर ओढणारा पंखा हवाच, फिक्सरचा वास कोंडला की डोकं धरतं. आणि एन्लार्जरला स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे संध्याकाळी गावभर पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, दिवा मंदावतो, आणि दुपारी बारा सेकंदांत नीट आलेला फोटो सात वाजता फिका येतो. नवा माणूस आपलंच काहीतरी चुकलं समजतो.

सेफलाइट, म्हणजे काम करतानाचा लाल दिवा, खरंच सुरक्षित आहे का हे नाण्याने तपासा. फक्त लाल दिव्याखाली कागदावर एक नाणं ठेवा, पाच मिनिटं थांबा, नाणं काढून कागद डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्या किंवा बदला. हा दिवा कागदासाठी. फिल्म असताना तोही नको, पूर्ण अंधार.

पाणी

डब्यांवर, पुस्तिकांत सगळीकडे २० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आमच्या विहिरीचं पाणी जानेवारीत २६ आणि मेमध्ये २९ अंश असतं. २० च्या मागे लागू नका, २४ वर या. एचपी-५ ही फिल्म, डी-७६ डेव्हलपर, त्यात तितकंच पाणी: २० अंशाला ११ मिनिटं, २४ अंशाला साधारण ८. जितकं गरम तितकी वेळ कमी. पण पाच मिनिटांच्या खाली गेलात तर आभाळात पट्टे येतात, कारण तेवढ्या वेळात द्रव सगळीकडे सारखा काम करत नाही. डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचं पाणी यांच्या तापमानातही दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

थंड करायची रीत सोपी आहे. मोठं घमेलं, त्यात बर्फाचं पाणी, त्या पाण्यात औषधांच्या बाटल्या उभ्या करायच्या. थर्मामीटर बाटलीत, घमेल्यात नव्हे. एकदा आमच्यातल्या एकाने फ्रीजमधला बर्फ संपला म्हणून मासळी बाजारातून लादी आणली. बाहेरच्या घमेल्यातच होती, फिल्मला काही झालं नाही, पण आठवडाभर डार्करूमला बांगड्याचा वास येत होता आणि शेजारची मांजर पडद्याखालून आत यायचा प्रयत्न करत होती.

दुसरी गोष्ट गाळ. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी पहिल्या पावसानंतर तांबूस होतं. ते पंच्याच्या चार पदरांतून गाळून, एक रात्र निवळू देऊन वापरा. शेवटची खंगाळणी मात्र डिस्टिल्ड पाण्यानेच. गॅरेजवर बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. हे न केल्यास निगेटिव्ह वाळल्यावर आभाळात बारीक ठिपके दिसतात, आणि ते प्रिंटमध्ये पांढरे होऊन येतात.

पहिला रोल

एक रोल वाया घालवायची तयारी ठेवा, म्हणजे खरंच एक स्वस्तातला, मुदत संपलेला रोल बाजूला काढा. तो आधी उजेडात रिळावर चढवायला शिका. मग डोळे मिटून. मग चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत. वीस वेळा तरी. फिल्म प्लास्टिकच्या रिळावर अडकते ती दोन कारणांनी: रीळ ओलं असतं किंवा हात. आमच्या हवेत बॅगेत हात घातल्यावर पाच मिनिटांत तळवे घामेजतात. पंख्याखाली बसा, हाताला पावडर लावू नका, ती फिल्मला चिकटते. अडकलंच तर ओढू नका. फिल्म टँकमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या डब्यात, तशीच ठेवून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, चहा घ्या. फिल्म कुठे पळून जात नाही.

पुढचा क्रम असा. डेव्हलपर ओतायचा, टँक ओट्यावर हलकेच आपटायचा म्हणजे बुडबुडे सुटतात. पहिली तीस सेकंदं हळू उलटसुलट करायचं, मग दर मिनिटाला दहा सेकंदं. वेळ संपायच्या दहा सेकंद आधी ओतून द्यायला सुरुवात. स्टॉप बाथ, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणारा द्रव, अर्धा मिनिट. फिक्सर पाच मिनिटं. आता झाकण उघडून बघितलं तरी चालेल, आणि इथे सगळेच बघतात. ओली निगेटिव्ह उजेडाकडे धरून स्वतःच्या आजीचा काळा चेहरा आणि पांढरे केस... नाही, उलट, पांढरा चेहरा आणि काळे केस... ते उलगडायला थोडा वेळ लागतो.

धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवू नका. टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. ही इलफर्ड कंपनीने सांगितलेली पद्धत आहे आणि एका रोलला सुमारे एक लिटरात भागतं. मार्च उजाडला की आम्हाला यापेक्षा जास्त परवडतही नाही. फिल्म न्हाणीत टांगा, पंखा बंद ठेवा, खाली चिमटा लावा आणि जा घरी. वाळायच्या आत हात लावणारे लोक असतात. त्यांच्या निगेटिव्हवर त्यांचे ठसे कायमचे राहतात.

पहिला प्रिंट

इथे घाई करणाऱ्यांचा कागद सगळ्यात जास्त जातो. कागद महाग आहे, म्हणून आख्खा कागद लावून अंदाज घेऊ नका. दोन बोटं रुंद पट्टी कापा, फोटोतला चेहरा जिथे पडतो तिथे ठेवा, आणि पुठ्ठ्याने झाकत झाकत पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद उजेड द्या. ट्रेमध्ये पट्टी पूर्ण वेळ ठेवा, प्लास्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला एक ते दीड मिनिट. काळं पडतंय म्हणून मध्येच उपसून काढली तर पट्टी खोटं बोलते. स्टॉप दहा सेकंद, फिक्सर एक मिनिट, आणि मग पट्टी घेऊन बाहेर उन्हात या. लाल दिव्याखाली सगळेच फोटो सुंदर दिसतात. शिवाय वाळल्यावर प्रिंट थोडा गडद होतो, म्हणून ओला असताना बरोबर वाटला तर एखाद-दोन सेकंद कमी करा.

प्रिंटमधलं काळं-पांढरं किती ठळक यावं हे ठरवणारे फिल्टर ०० पासून ५ पर्यंत असतात. सुरुवातीचा महिना फक्त २ वापरा. पाच नंबरचा फिल्टर लावून काळं-पांढरं ठणठणीत करायचा मोह सगळ्यांना होतो, लग्नवाल्याला अजून होतो.

सामाईक म्हणजे कोणाचं

एकट्याच्या डार्करूममध्ये चुका आपल्याच असतात. आठ जणांच्यात कोणाची चूक कोणाच्या फोटोवर निघेल सांगता येत नाही. हायपोचा चिमटा डेव्हलपरच्या ट्रेत गेला की दुसऱ्या दिवशीच्या माणसाचे प्रिंट डागाळतात, आणि त्या माणसाला वाटतं आपला कागद जुना निघाला. म्हणून तीन रंगांचे चिमटे, तीन रंगांचे ट्रे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्लास्टिकचे उथळ ट्रे मिळतात, खास फोटोचे घ्यायची गरज नाही. पण त्या ट्रेतून पुन्हा कोणी कापा-बिपा देऊ नये म्हणून मार्करने मोठं लिहून ठेवा.

आता हायपो. जुने स्टुडिओवाले फिक्सरला हायपोच म्हणतात, आम्हीही. तो दिसायला ताजा आणि संपलेला सारखाच. संपलेल्या हायपोत धुतलेला रोल त्या दिवशी छान दिसतो आणि दोन वर्षांनी पिवळा पडतो. तपासायची रीत अशी: फिल्मचं पुढचं टोक, जे कापून फेकतो, त्याचा तुकडा ताज्या हायपोत टाका आणि तो पूर्ण पारदर्शक व्हायला किती सेकंद लागतात ते बाटलीवर लिहा. दर वेळी काम सुरू करताना पुन्हा एक तुकडा टाका. पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला की तो हायपो संपला. हे काम रोज वेगळ्याने केलं तर प्रत्येक जण ‘अजून एक रोल निघेल’ म्हणतो, म्हणून वर्षभर एकच माणूस. आमच्याकडे बँकेतले काका आहेत. ते कोणाचंच ऐकत नाहीत आणि आमचे सात वर्षांपूर्वीचे निगेटिव्ह अजून स्वच्छ आहेत.

वापरलेल्या हायपोत चांदी असते. ती परसात, ओहोळात, विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात जाता कामा नये. ज्या विहिरीचं पाणी आपण पितो तिच्या कडेला चांदीचे क्षार ओतायचे आणि मग भिंतीवर निसर्गाचे फोटो लावायचे, हे शोभत नाही. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी टाकून ठेवली तर लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपात तळाशी बसते. एक्स-रेची फिल्म होती तेव्हा दवाखान्यांचा हायपो विकत घेऊन चांदी काढणारे लोक होते. अशांपैकी कोणी ओळखीचा निघाला तर गाळ त्याच्याकडे. वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्यात पातळ करून आमच्यातली एक पणजीला घेऊन जाते, तिच्या इमारतीला मलनिस्सारण वाहिनी आहे. पहिल्या खंगाळणीचं पाणीही कॅनमध्येच. कॅन उचलायची पाळी वहीत लिहिलेली असते आणि त्याच दिवशी लोकांच्या कंबरा दुखतात.

आणि हातमोजे घाला. डेव्हलपरमधल्या मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, आज नाही तर वर्षभराने, आणि एकदा सुटली की मग ती जन्माची.

पाऊस

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. या चार महिन्यांत आम्ही रोल धुतो, प्रिंट जवळजवळ काढत नाही, कारण ते वाळत नाहीत. खरी काळजी लेन्सची. बुरशी आतून जाळं विणते आणि ते एकदा काचेला लागलं की पुसून जात नाही. एन्लार्जरची लेन्स काढून हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. सिलिका जेल ओलावा पिऊन थकलं की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतं, पण तो तवा मग पोळ्यांना नको. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, बुरशीला चामडं फार आवडतं.

निळं कापड

डार्करूममध्ये एका वेळी दोन माणसं मावतात. गाव मावत नाही. गावाला आत घ्यायचं तर सायनोटाइप, म्हणजे उन्हात छापायचे निळे फोटो, करा. जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे निळे ठसे काढून पुस्तकाचे भाग छापायला सुरुवात केली. घराच्या नकाशाला आपण अजून ब्लूप्रिंट म्हणतो ते याच निळ्यामुळे.

दोन द्रव वेगवेगळे करा. १०० मिलीलिटर पाण्यात फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम. दुसऱ्या १०० मिलीलिटरमध्ये पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम. दुसऱ्याजवळ कोणतंही जहाल आम्ल आणायचं नाही. लागेल तेवढेच दोन्ही समसमान मिसळा, मंद पिवळ्या दिव्याखाली ब्रशने कापडाला लावा आणि अंधारात वाळवा. कापड मांजरपाट घ्या, आणि आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली कांजी काढा, नाहीतर द्रव वरच राहतो. मग उन्हात पसरा, वर नेच्याची पानं, माडाची झावळी, जाळं, पोराचा हात, काहीही. चतुर्थीनंतर एकदा मुलांनी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या आराशीच्या, केवणीच्या दोराची वेटोळी मांडली होती, ती सगळ्यात छान आली. डिसेंबरच्या दुपारी आम्हाला दहा-बारा मिनिटं लागतात. हिरवट पिवळा रंग जाऊन राखाडी, तांबूस झाक आली की उचला आणि साध्या पाण्यात खंगाळा, पाण्याचा पिवळेपणा जाईपर्यंत. निळा रंग दुसऱ्या दिवशी आणखी गडद होतो.

साबण अजिबात नको. हे मी वेगळं सांगते कारण आमचं चार मीटरचं कापड, गावातल्या चाळीस मुलांच्या हातांचं, शाळेच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एका मावशीने प्रेमाने धुण्याच्या पावडरीत भिजवलं. म्हणे धूळ बसली होती. पावडरीतल्या सोड्याने निळं पार उडालं, फिकट पिवळे हात उरले. मुलं रडायच्या बेताला आली. मग आठवलं की सोड्याने उडालेला सायनोटाइप चहात रंगतो. मोठ्या टोपात बिनदुधाचा कडक चहा केला, कापड रात्रभर त्यात ठेवलं. सकाळी हात तपकिरी झाले होते, जुन्या फोटोसारखे. मावशी म्हणाल्या, बघा, आता स्वच्छ दिसतंय.

भिंत

भिंत कोणाची हे शोधायलाच सर्वांत जास्त दिवस लागतात. खाजगी असेल तर सगळे वारस. नाहीतर पंचायत, बांधकाम खातं, कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची संस्था), देवस्थान समिती. तोंडी ‘लाव रे’ पुरत नाही, कागदावर सही घ्या. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आहे आणि निवडणुकीच्या दिवसांत तर भिंतीला हात लावू नका. पणजीत फोंताइनीशच्या रंगीत घरांसमोर फोटो काढणाऱ्यांना रहिवासी कंटाळले, दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या. आपण भिंतीवर फोटो लावणारे लोक, आपल्याबद्दल तसं व्हायला वेळ लागत नाही.

जांभ्याच्या उघड्या चिऱ्यावर कागद धरत नाही. चुन्याची सफेदी असलेल्या भिंतीवरून सफेदीसकट सुटतो. खरखरीत सिमेंटचा गिलावा उत्तम. प्रिंट स्कॅन करून, नकाशे काढून देणाऱ्या दुकानात पातळ कागदावर मोठे तुकडे छापून घ्या. चिकटवायला मैद्याची खळ: एक वाटी मैदा थंड पाण्यात कालवून, चार वाट्या उकळत्या पाण्यात घालून, गुठळ्या न होऊ देता शिजवायची. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही. आम्ही घालत नाही. मोकाट गुरं खळीचा कागद चाटतात आणि मोरचूद विषारी आहे. त्याऐवजी कागद जमिनीपासून पाच फूट वर लावा. पहिल्या वर्षी तीन फुटांवर लावले होते, तर एका बैलाने आमच्याच मास्तरांचा फोटो गुडघ्यांपासून छातीपर्यंत खाल्ला.

आणि ज्याचा फोटो आहे त्याला आधी प्रिंट द्यायचा, मग विचारायचं. काजूच्या बागेत बोंडू वेचणाऱ्या बायकांचे फोटो आम्ही लावणार होतो. त्यातल्या एका आजीचा फोटो आम्हा सगळ्यांना फार आवडला होता: घामेजलेली, डोक्याला टॉवेल, डोळे अर्धे मिटलेले. प्रिंट हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, ‘ही म्हातारी कोण गो?’ आणि आत गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या त्या काठाची साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून, आणि बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, सोप्यावर ताठ बसल्या. आमच्यात त्यावर दोन दिवस वाद झाला. एक मुलगी म्हणाली, हा तर पासपोर्ट फोटो झाला. तिचं खोटं नव्हतं. तरी भिंतीवर साडीतला फोटोच गेला, कारण त्या भिंतीसमोरच्या थांब्यावर रोज सकाळी बससाठी उभं राहायचं होतं ते आजींना. दालनातलं प्रदर्शन असतं तर मी भांडले असते.

लावतानाच काढायची तारीख ठरवा. आमची ३१ मे असते. पावसाने कागद आपोआप जाईल असं म्हणून सोडलं तर तो जात नाही, लोंबतो, आणि माणसांचे चेहरे फाटून गटारात पडलेले त्यांनाच बघावे लागतात. ओलं पोतं अर्धा तास कागदावर दाबून ठेवा, मग पत्र्याच्या पट्टीने खरवडा, भिंत धुवा, आणि रंग उडाला असेल तिथे तेवढ्याच जागी हात मारून द्या. चुन्याची बादली, पट्ट्या आणि दोन मोठे ब्रश आमच्याकडे आहेत. मागून न्या, पण धुऊन परत आणा.